सोळा खुर्च्यांचं घर

खुर्च्या सोळा, भिंतीवरची घड्याळं चार, उशा आठ. मावशीच्या वरच्या मजल्याची ही लेखी नोंद, आणि ती मी केलेली! रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत तीन वर्षं मिलीग्रॅम मोजलेल्या मुलीला खुर्च्या मोजता येत नाहीत, असं म्हणायची कुणाची हिंमत आहे?

वरचा मजला दोन वर्षं रिकामा होता. मावशीला घर खायला उठायचं. अखेर एक शिवणाच्या बाई भाड्याने राहायला तयार झाल्या. त्यांची अट एकच. "घरात काय काय आहे, कोणत्या अवस्थेत आहे, ते लिहून पाठवा. वाचून ठरवते."

"या बाई हातच्या जाता कामा नयेत गं!" मावशी म्हणाली.

"निर्धास्त राहा मावशी. असा अहवाल करीन, की कोर्टसुद्धा मान डोलावेल!"

माझी पद्धत कडक. खोलीत शिरायचं, मोजायचं, फोटो काढायचा. मग गच्चीत बसून दहा मिनिटं सुवाच्य अक्षरात नोंद उतरवायची. त्यानंतरच पुढची खोली. त्या दहा मिनिटांत घरात काय चाललंय, हे बघणं पद्धतीत बसत नव्हतं.

काही निरीक्षणांवर तर मी खूश होते. चारही खोल्यांतली घड्याळं बरोब्बर पाच मिनिटं पुढे! मी लिहिलं, 'घड्याळांमध्ये उत्तम एकवाक्यता.' प्रत्येक खोलीत एका खुर्चीचा मागचा डावा पाय डुगडुगत होता. 'कारखान्यातलाच दोष असावा.' काका मात्र दर खोलीत आधीपेक्षा जास्त धापा टाकत होते. काका सामानात मोडत नसल्याने ते नोंदवलं नाही.

अहवाल गेला आणि तासाभरात बाईंचा फोन. "सोळा खुर्च्या? मग ठरलंच! माझ्या वर्गात दहाजणी आहेत. माझ्या जुन्या खुर्च्या देऊन टाकते."

सोमवारी बाई, दहा विद्यार्थिनी आणि पाच शिलाई मशिनं हजर. बाई सगळ्या खोल्या फिरून आल्या.

"चारच दिसतायत. बाकीच्या बारा?"

"हे बघा, फोटोसकट पुरावा!" मी अहवाल पुढे केला.

त्यांनी चारही फोटो शेजारी शेजारी धरले. "प्रत्येक फोटोत एका खुर्चीच्या पाठीवर हाच शाईचा डाग?"

मी मावशीकडे पाहिलं. मावशीने काकांकडे. काकांनी पंख्याकडे.

"अगं, रिकामी खोली फोटोत किती केविलवाणी दिसते!" मावशी पुटपुटली. "तू लिहायला बसलीस, की आम्ही पुढची खोली सजवायचो."

"'आम्ही' म्हणे!" काका उसळले. "उचलत होतो मी, ही नुसती बोट दाखवत होती!"

बाईंनी पिशवी उचलली. "मला फसवलंत की हो!"

मावशीचा चेहरा पार उतरला. "तुम्ही नाही म्हणाल, याची भीती वाटली हो. दोन वर्षांत वर साधा नळसुद्धा वाजला नाही."

बाई दारात थबकल्या. "पण माझ्या मुली काय उभ्याने शिवणार?"

मावशी धडाधड जिना उतरली. "अहो, बघत काय उभे राहिलात? या खाली!"

"पुन्हा मीच?"

पंधरा मिनिटांत खालच्या सहाही खुर्च्या वर आल्या. काकांची पेपर वाचायचीसुद्धा! या वेळी मोजणी बाईंनी केली, दोनदा. मला कुणी विचारलंही नाही. मग त्यांनी पिशवी खाली ठेवली.

संध्याकाळी आम्ही तिघं खाली जमिनीवर बसलो होतो. मावशीने टीव्ही बंद केला आणि ओठांवर बोट ठेवलं. मी तीन वेळा मोजलं. वरून मिनिटाला सरासरी एकसष्ट पावलं.