आक्कांची मोटार तेल खाते

रोज सकाळी पूजा उरकली की आक्का नऊवारीचा काष्टा घट्ट आवळून मोटारीचं बॉनेट उघडायच्या. आतली तेल मोजायची पट्टी उपसायच्या, जुन्या लुगड्याच्या तुकड्यानं पुसून परत बुडवायच्या आणि उन्हात धरून डोळे बारीक करून बघायच्या. मग आमच्या कुंपणावरून हाक यायची.

"मास्तर, बघा. काल हितं हुतं, आज हितं हाय. जातंय कुठं?"

हा प्रश्न त्यांनी साताऱ्यात सगळ्यांना विचारून झाला होता. पोस्टमनला, भाजीवालीला, सत्यनारायणाला आलेल्या भटजींना. भटजी बिचारे दचकले. त्यांना वाटलं, तूप.

मोटार आक्कांच्या यजमानांची, म्हणजे वकीलसाहेबांची. लढाईच्या आधीची, काळीभोर, विलायती. ते होते तोवर आक्का मागच्या सीटवर डोक्यावरून पदर घेऊन बसायच्या. ते वारले आणि मोटार दोन वर्षं शेडमध्ये पडून राहिली. मग एके दिवशी आक्कांनी ती ट्रकवर चढवून सांगलीला नेली, इंजिन पार उकलून नव्यानं बांधून घेतलं आणि बावन्नाव्या वर्षी स्वतः चालवायला शिकल्या. साताऱ्यात मिस्त्री नव्हते असं नाही. पण कुणी विचारलं तर, "सांगलीच्या बाबू मिस्त्रीचा हात चांगला हाय," एवढंच.

इंजिन नवं झालं आणि तेल कमी व्हायला लागलं. आक्कांनी गाडीखाली पांढरे कागद अंथरले. जन्मपत्रिका बघावी तसे ते निरखायच्या. एक ठिपका नाही. गळत नाही, मग जातं कुठं? झालं! दर पंधरवड्याला आक्का गाडी घेऊन सांगलीला निघायच्या, मिस्त्रीशी भांडायला.

मी नुकताच शाळेतून निवृत्त झालो होतो. एकदा आक्का म्हणाल्या, "उद्या चला माझ्यासंगं. धूर बघायला माणूस पायजे. मी पुढं बघती, तुमी मागं बघा. निळा निघाला तर तेल जळतंय."

अशा रीतीनं मी सातारा ते सांगली हा प्रवास मागच्या सीटवर गुडघे टेकून, उलटं तोंड करून केला. वेग ताशी पंचवीस मैल. आम्हाला मागं टाकणारी प्रत्येक एसटी मला आधी समोरून दिसायची, आणि तिच्यातली माणसं माझ्याकडे बघून हसायची.

"निळा हाय का?" दर दहा मिनिटांनी प्रश्न.

"थोडासा. चढाला."

"बघा! म्हटलं नव्हतं मी?" त्यांच्या आवाजात काळजी असायला हवी होती. मला तर आनंदच ऐकू आला.

उंब्रजला त्यांनी बॉनेट उघडलं तेव्हा एसटीची वाट बघणारी निम्मी माणसं भोवती गोळा झाली. एक फेटेवाला म्हणाला, "आवं आक्का, म्हातारी मोटार हाय. खाऊ द्या की चार घास."

"खाऊ दे की," आक्का म्हणाल्या. "पर जातंय कुठं, ते सांगा."

बाबू मिस्त्री मिलिटरीच्या वर्कशॉपात आयुष्य काढलेला माणूस. त्यानं इंजिन चालू करून कान लावला, हात पुसले आणि आक्कांना स्टुलावर बसवलं.

"आक्का, पिस्टनच्या नवीन रिंगा घासून घासून बसाव्या लागत्यात. तोवर तेल जास्त जळतं. आता त्या बसल्यात. हितनं फुडं जेवढं जाईल, तेवढं ही गाडी जल्मभर खाणार. जुनी इंजिनं खात्यातच. त्ये दुखणं न्हवं."

"पण धूर..."

"चढाला निघतो जरासा. निघू द्या. आता हितवर यायचं कारण न्हाई."

आक्कांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग एकदम लहान आवाजात म्हणाल्या, "मग आता मी कशाला येऊ?"

मिस्त्रीनं माझ्याकडे पाहिलं, मग खाली बघत म्हणाला, "आक्का, माझी थोरली ज्या शाळंत जाती, तितं सुमनबाई शिकवत्यात. लय चांगल्या हायत. साडेपाचला शाळा सुटती."

सुमन म्हणजे आक्कांची एकुलती एक लेक. माझ्याच हाताखाली शिकलेली. सहा वर्षांपूर्वी तिनं कॉलेजातल्या एका मुलाशी लग्न केलं. त्याच्या घरच्यांनी बौद्ध धर्म घेतलेला. वकीलसाहेब म्हणाले, आमच्यापुरती ती मेली. पुढे तेही गेले. तिला कळवायचं नाही असं भावकीनं ठरवलं, आणि त्या बैठकीत आक्का एक अक्षर बोलल्या नाहीत. सुमनला बाप गेल्याचं तेराव्यानंतर परक्या माणसाकडून कळलं.

शाळेच्या फाटकासमोर आम्ही दोघं उभे राहिलो. घंटा झाली, मुली बाहेर पडल्या. मागून सुमन आली. खांद्याला पिशवी, हातात वह्यांचा गठ्ठा. आक्कांनी पदर तोंडावर ओढला आणि माघारी वळल्या. मी आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचा हात धरला.

"आई?" सुमन म्हणाली.

आक्का म्हणाल्या, "गाडी लय तेल खातीया, म्हणून आले हुते."

मुली आमच्या दोन्ही बाजूंनी जात राहिल्या.

"बाबा गेले तेव्हा तू मला कळवलं नाहीस," सुमन शेवटी म्हणाली.

"न्हाई कळवलं. भ्याले मी." आक्कांनी पदर खाली घेतला. "तू काय बोलायचं ते बोल. मी ऐकती."

सुमननं वह्यांचा गठ्ठा या हातातून त्या हातात घेतला. मग विचारलं, "आमच्याकडचा चहा चालेल तुला?"

"चहावर भागवतीस व्हय? सकाळपासनं उपाशी हाय मी. जेवाय घाल."

सुमन हसली की रडली, मला नीट दिसलं नाही. तिनं मलाही खूण केली आणि आम्ही निघालो, त्या दोघी पुढं, मी मागं. कोपऱ्यावर दोन गल्ल्या फुटत होत्या. सुमन "इकडून" म्हणायच्या आतच आक्का डावीकडे वळल्या. पुढं एका निळ्या दाराच्या घराशी जाऊन त्या आपसूकच थांबल्या आणि पायातल्या चपला काढायला वाकल्या.

सुमन गल्लीच्या तोंडाशी उभी राहून त्यांच्याकडे बघत होती. घर कुठलं, हे तिनं अजून सांगितलंच नव्हतं.