निवटीच्या तोंडाशी

मूल खेळत असताना त्याचा वेळ वाया जातो, ही बाब सर्वमान्य आहे. तो वाया जाऊ नये म्हणून भांडुपच्या आमच्या खाडी संग्रहालयाने मागच्या अंगणात 'खेळातून शिक्षण' उद्यान उभारले.

मधोमध सिमेंटची भलीमोठी निवटी आहे. (निवटी म्हणजे चिखलात परांवर सरपटणारा मासा. हे ठाऊक नसल्यास आपण फलक वाचलेला नाही.) मुलाने शेपटीकडून चढायचे, पोटातून घसरायचे आणि तोंडातून बाहेर पडायचे. माशाच्या पचनाची दिशा याच्या उलट असते, हे सल्लागारांच्या निदर्शनास आणून दिले. परंतु तोंडातून आत जाणारे मूल छायाचित्रात पाठमोरे येते, असे त्यांनी साधार दाखवले. झोपाळे नाहीत. खाडीत त्यांना शास्त्रीय आधार सापडला नाही.

पहिल्या महिन्यात शंभर टक्के मुलांना मजा आली. समितीला ही गोष्ट चिंताजनक वाटली. लगोलग निवटीच्या तोंडाशी एक टेबल मांडण्यात आले. बाहेर पडलेल्या मुलाने काय शिकलो ते तिथे सांगायचे, मगच पुन्हा घसरायला मिळणार. उत्तर चुकल्यास फलकाकडे परत.

गेल्या रविवारी दहिसरहून श्रुतिका आली. वय सहा. एकदा घसरून झाले होते, पुन्हा घसरायचे होते, आणि उद्यान पाच वाजता बंद होते.

"काय शिकलीस, बाळा?" टेबलावरच्या अनुपमा मॅडमनी विचारले.

"धपकन पडते."

"कोण?"

"मी."

(याला 'गुरुत्वाकर्षण' म्हणाली असती, तर चालले असते.)

फलकापाशी तिचे बाबा, दिपेश, उकिडवे बसले. "हे बघ. अनुकूलन. म्हणजे टिकून राहण्यासाठी परिस्थितीप्रमाणे स्वतःत केलेला बदल. म्हण, अ-नु-कू-लन."

"घरून पाठ करून आणायला हवं होतं रे," आई नमिता म्हणाली. "ती पार्ल्याची पोरं बघ, तिसऱ्यांदा चाललीत."

"खेळायला आणलंय ना यार तिला?"

"मग? तयारी नको?"

श्रुतिका टेबलाशी परतली. "आत गार आहे. ओरडलं की आवाज घुमतो. पुन्हा जाऊ?"

अनुपमा मॅडमनी यादी पाहिली. गार यादीत नव्हते. घुमणेही नव्हते.

पावणेपाच झाले. श्रुतिका बाजूला उभी राहून पार्ल्याच्या पोरांकडे बघत राहिली. मग पुढे झाली आणि म्हणाली, "अनुकूलन."

"शाब्बास!"

त्यानंतर ती पाच वाजेपर्यंत घसरत होती. शेवटी शेवटी तर निवटीच्या पोटातूनच "अनुकूलन" असे ओरडत यायची. (घुमायचे छान.) टेबलापाशी एक लहानगा रडत उभा होता. जाता जाता ती त्याला म्हणाली, "रडतोस काय? अर्थ नाय विचारत. नुसतं म्हण, सोडतात."

हे वाक्य समितीने ऐकले. फलकावरची व्याख्या एका सहा वर्षांच्या मुलीने प्रत्यक्ष करून दाखवली, तीही निव्वळ खेळातून. उद्यान यशस्वी ठरल्याचा ठराव त्याच आठवड्यात एकमताने संमत झाला. दुसरे टेबल मागवले आहे.

आपण इथवर बहुधा मजेत आलात. समितीला हीही गोष्ट चिंताजनक वाटते. तेव्हा पान उलटण्यापूर्वी आपण काय शिकलात, ते सांगावे. घाबरू नये. आपण शाळेत गेलेले आहात. काय म्हटले की सोडतात, ते आपल्याला ठाऊक आहे.