दोन डबे आणि एक गिटार

"ह्यात ऊब हाय का न्हाई, तेवढं सांग," संगमेशने पुन्हा विचारलं.

कावेरीने मेथी निवडणं थांबवलं, उठून मशीनवर तळहात ठेवला आणि म्हणाली, "हाय. वर पापड भाजून निघंल."

"आवाजात म्हणतोय मी!"

"मग तसं म्हणा की."

केजच्या बाजारपेठेत खाली गुरुलिंगअप्पांचं किराणा दुकान होतं आणि वरच्या मजल्यावर घर. अप्पांचा मुलगा संगमेश दिवसभर खाली गूळ-शेंगदाणे तोलायचा आणि कार्यक्रम असेल त्या संध्याकाळी उत्तरेश्वरच्या ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार वाजवायचा. पहिलं काम तो करायचा. दुसऱ्यासाठी तो जगायचा. पण गेल्या महिन्यात उमापूरला, गाणं ऐन रंगात असताना, त्याच्या जुन्या अँप्लिफायरमधून आधी वास आला, मग धूर आला आणि मग काहीच आलं नाही. उत्तरेश्वरने परतीच्या जीपमध्ये शांतपणे सांगितलं होतं, "नवमीला केजमध्ये आपला कार्यक्रम हाय. आपलंच गाव हाय. त्या दिवशी गिटारीची काही भानगड झाली, तर मी दुसरा माणूस बघतो."

त्यामुळे संगमेशला नवं मशीन हवं होतं, आणि दुर्दैवाने त्याला एकाऐवजी दोन मिळाली.

पहिलं रेडिओ दुरुस्त करणाऱ्या रामप्रसादने स्वतःच्या हाताने बांधलेलं. बंद पडलेल्या तंबू थिएटरचं आवाजाचं मशीन उचलून आणून त्याने त्यातल्या काचेच्या व्हॉल्व्हपासून गिटारीसाठी हा डबा तयार केला होता. चालू केला की नळ्या हळूहळू लाल होत आणि मग आवाज येई. दुसरं मशीन कॅसेटच्या दुकानवाल्या भारतने मुंबईहून आणलेलं. ते शाळेच्या पाटीएवढं होतं. ते डिजिटल होतं, त्यात व्हॉल्व्ह नव्हते. व्हॉल्व्ह तापल्यावर आवाज कसा वागतो याचं गणित होतं. आता सगळंच बाहेरून येऊ लागलं होतं, तसं हेही आलं होतं. दोघांनीही आपापलं मशीन दसऱ्यापर्यंत वापरून बघायला दिलं होतं आणि दोघेही रोज निकाल विचारायला माडीवर येत होते.

"ह्या एका डब्यात बत्तीस मशीनी हायत बे," भारत म्हणायचा. "बटण दाबायचं, मशीन बदलायची."

"बत्तीस सोंगं मिळून एक माणूस होत न्हाई," रामप्रसाद खुर्चीत मागे रेलून म्हणायचा.

"तुमचा डबा उचलायला दोन हमाल लागतेत, रामप्रसादभाऊ."

"तुझा डबा शर्टाच्या खिशात घालून कुनीबी नेईल. मग बस बोंबलत."

असा वाद झाला की संगमेश दोन्ही मशीनवर एकच सुरावट वाजवून दाखवायचा. ती चार ओळींची होती. पहिल्या दिवशी ती घरच्यांना आवडली. तिसऱ्या दिवशी ती पाठ झाली. पाचव्या दिवशी खाली गिऱ्हाईकाला साबुदाणा देताना आपण तीच गुणगुणत असल्याचं गुरुलिंगअप्पांच्या लक्षात आलं आणि त्यांनी छताकडे बघून तराजूचा दांडा आपटला.

कावेरी बी.एस्सी. झालेली होती आणि शाळेत विज्ञान शिकवत होती. कोणताही वाद मोजून मिटवता येतो, असा तिचा समज होता. लग्नाला तीनच वर्षं झाली होती.

"तुमी भिंतीकडं तोंड करून वाजवा," ती म्हणाली. "दोन्ही मशीन चालू ठेवते, म्हणजे व्हॉल्व्हच्या गुणगुणण्यावरून कळणार न्हाई. मी वायर बदलत जाते. तुमी ओळखायचं."

"झोपेत ओळखीन."

तो भिंतीकडे तोंड करून बसला. मागे खुडखुड झाली. त्याने चार ओळी वाजवल्या.

"व्हॉल्व्ह! ऐकलंस? तुपासारखा आवाज हाय."

"पुढं."

पुन्हा खुडखुड. पुन्हा चार ओळी.

"हे डिजिटल. कोरडं. सगळं हाय, पन जीव न्हाई."

"पुढं."

"परत व्हॉल्व्ह! अगं, हे शेंबडं पोरगंबी सांगंल."

"झालं," कावेरी म्हणाली. "इकडं बघा. मी वायर एकदाबी बदलली न्हाई. सुरुवातीपासून डिजिटललाच हाय."

संगमेशने वळून वायरीकडे पाहिलं, मग मशीनकडे, मग बायकोकडे.

"मग खुडखुड कशाची येत होती?"

"शेंगा फोडत होते."

संगमेशने मान वर करून बल्बकडे पाहिलं. मग तो म्हणाला, "व्होल्टेज कमी हाय आज."

"दोन्हीला सारखंच कमी हाय."

"तुला न्हाई कळायचं त्यातलं," असं तो म्हणाला आणि तेवढ्यात वीज गेली, त्यामुळे त्याची बाजू काहीशी सावरली.

शेवटी आईने हात घातला. शांतादेवींना आवाजातलं काही समजत नव्हतं, पण खंडेनवमी जवळ आल्याचं समजत होतं. त्या दिवशी घरातली सगळी हत्यारं धुऊन-पुसून देवापुढे मांडायची असतात. अप्पांचा तराजू, मापं, गूळ फोडायची पहार, शिलाईचं मशीन, आणि लेकाचं जे काय असेल ते.

"कोणता डबा मांडू, तेवढं सांग," त्या म्हणाल्या. "पूजा केलेली वस्तू परत कोणाला देता येत न्हाई. दुसरा ज्याचा त्याला देऊन टाक. माझ्या डोक्याला शांतता पाहिजे."

"सांगतो की. नवमीला सकाळी सांगतो."

नवमीला सकाळी त्याने सांगितलं, "पाच मिनिटं थांब," आणि शेवटचं एकदा दोन्हीही ऐकून बघावं म्हणून नवी वायर आणायला भारतच्या दुकानात गेला. भारतने त्याला तासभर बसवून घेतलं. कावेरी चुलीपुढे पुरण घोटत होती. न्हाणीत पाण्याचा आवाज येत होता. मापं धुवायचं चाललं असेल, असं तिला वाटलं. मापं धुवायचं चाललंच होतं. मापांनंतर पहार, आणि पहारीनंतर गिटार.

संगमेश परत आला तेव्हा चौरंगावर तराजूशेजारी त्याची गिटार उभी होती. इतकी लख्ख ती दुकानातून आणली त्या दिवशीही नव्हती. तारा चांदीसारख्या चमकत होत्या. अंगावर विभूतीचे तीन पट्टे होते, त्यावर कुंकू, वर झेंडूची माळ. आणि खाली, जिथे वायर खोचतात त्या भोकातून, पाण्याचा थेंब सावकाश मोठा होत चौरंगावर पडत होता.

"आई! हे काय केलं?"

"काय केलं? पूजा केली. तुला ठरवंना, मग माझं मीच ठरवलं. डबे कसले हत्यार असतेत? तुझ्या हातात जे असतंय ते हत्यार."

"अगं, पन ही धुतली?"

"मग? पारोशी वस्तू देवापुढं ठेवू? तारांना चिंच लावली. लई हिरवट झालत्या."

संगमेशने गिटार उचलून माडीवर धाव घेतली. व्हॉल्व्हच्या डब्याला जोडली. काही नाही. मुंबईच्या डब्याला जोडली. काही नाही. मागोमाग पुरणाच्या हातानेच वर आलेल्या कावेरीने दोन्ही ठिकाणी लक्षपूर्वक ऐकलं. आठ दिवसांत पहिल्यांदाच दोन्ही मशीनमध्ये काहीच फरक नव्हता.

"आत पाणी गेलंय," ती म्हणाली. "दोन दिवस उन्हात ठेवावी लागंल."

"दोन दिवस? संध्याकाळी कार्यक्रम हाय!"

"कार्यक्रम?" जिना चढून आलेल्या शांतादेवी दारातच थांबल्या. "ठेव ती खाली. आज हत्याराला सुट्टी असती. अप्पांनी तराजूला हात लावला का? आलेलं गिऱ्हाईक माघारी लावलं. उद्या दसऱ्याला उचलायची."

"आई, ते मला काढून टाकतील!"

"आन् देव?"

संगमेशच्या चेहऱ्याकडे बघून कावेरीच मध्ये पडली. "अत्याबाई, नुसती सोबत नेली तर? वाजवणार न्हाईत. वाजणारबी न्हाई."

शांतादेवींनी बराच विचार केला. "तारेला बोट लावणार न्हाई, अशी शपथ घे. देवापुढं."

त्याने घेतली. तेवढं एक त्या दिवशी सोपं होतं.

नवरात्र मंडळाच्या स्टेजमागे उत्तरेश्वर कीबोर्डची वायर जोडत होता. पलीकडे भारत आणि रामप्रसाद यांनी आपापला डबा स्वतः आणून, शेजारी शेजारी मांडून, दोन्ही चालू करून ठेवले होते. कोणता वाजणार हे संगमेशने सांगितलं नव्हतं आणि आपला काढून न्यायला दोघेही तयार नव्हते.

"वाजंना," संगमेश म्हणाला.

"कोणता वाजंना?"

"गिटार वाजंना."

"कावून?"

"आईनं धुतली."

उत्तरेश्वरने वर पाहिलं. "कशानं?"

"चिंचेनं."

उत्तरेश्वरने गिटार उलटीसुलटी करून पाहिली. झेंडूची एक पाकळी अजून गिटारीच्या खुंट्यांत अडकलेली होती. समोर मैदान भरलं होतं, अध्यक्ष नारळ घेऊन उभे होते. "वर चल," तो म्हणाला. "गळ्यात अडकव. दोन्ही मशीनीला वायर लाव. बोटं हलव. बाकी मी बघतो."

संगमेशने बोटं हलवली, पण शपथ आठवून तारांपासून दोन बोटं वर. पहिल्या गाण्याला त्याच्या कपाळावर घाम होता. दुसऱ्या गाण्याला त्याच्या लक्षात आलं की गिटारीचा आवाज येतो आहे. उत्तरेश्वर कीबोर्डवरच डाव्या हाताने तबला सांभाळत होता आणि उजव्या हाताने, त्याच कीबोर्डच्या टोकाला, गिटारीचा आवाज काढत होता. तिसऱ्या गाण्यापासून संगमेशने डोळे मिटले, मान मागे टाकली आणि गुडघ्यात वाकला. चुकायची भीती नसल्यामुळे त्याला कधी नव्हे ती मोकळीक मिळाली होती. पुढच्या रांगेतली पोरं उठून नाचली.

कार्यक्रम संपताच भारत स्टेजवर धावला आणि त्याने संगमेशला मिठी मारली. "म्हणलं नव्हतं बे? मुंबईचा माल! एकेक सूर काचेसारखा!"

"काचेसारखाच असणार," मागून आलेला रामप्रसाद म्हणाला. "काचेच्या नळ्यांतून आलाय. ही गोडी गणितानं येत असती काय? अध्यक्ष म्हणाले, अंगावर काटा आला."

"माझ्या मशीननं आला काटा."

"तुझ्या मशीननं फोड येतील."

आता त्यांच्याभोवती माणसं जमली होती. ती दोन्ही डब्यांकडे आदराने बघत होती. संगमेश कोणाचंच खरं-खोटं करत नव्हता. तेवढ्यात गर्दीतून वाट काढत शांतादेवी आल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"देवापुढं शपथ घेतलीस," त्या म्हणाल्या, "आन् एवढ्या लोकांत मोडलीस? सगळ्या गावानं ऐकलं की रे!"

"आई, घरी गेल्यावर सांगतो."

"घरी कशाला? कोणत्या तोंडानं आता मी दिवा लावू?"

"आई, हळू बोल."

कावेरी त्यांच्या मागेच होती. तिने पूर्ण कार्यक्रम उत्तरेश्वरच्या उजव्या हाताकडे बघण्यात घालवला होता. ती सासूच्या कानाशी वाकली आणि दोन वाक्यं बोलली. शांतादेवींचा चेहरा हळूहळू उजळला. त्यांनी लेकाच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवून कडाकडा बोटं मोडली आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा अभिमानाने म्हणाल्या, "माझ्या लेकानं एका तारेला बोट लावलं न्हाई! सगळं त्या उत्तरेश्वरनं पेटीवर वाजवलं!"

भारत आणि रामप्रसाद यांनी एकमेकांकडे पाहिलं. आठ दिवसांत ते पहिल्यांदाच एका बाजूला आले होते.

"तरीच," रामप्रसाद घसा साफ करत म्हणाला. "मला मधी जरा हलकं वाटलंच होतं."

"मलाबी," भारत म्हणाला.

जमलेल्यांपैकी कोणी तरी हसलं, मग सगळेच हसले आणि हसत हसत पांगले. संगमेशने गळ्यातला पट्टा काढला. मग तो कीबोर्ड गुंडाळत असलेल्या उत्तरेश्वरपुढे जाऊन उभा राहिला.

"कळलं मला. गिटारबी तूच वाजवतोस म्हटल्यावर माझं काय काम? पुढच्या कार्यक्रमापासून येत न्हाई."

"कावून येत न्हाई?" उत्तरेश्वरने विचारलं. "शनिवारी कपिलधारला जायचंय. दोन्ही डबे घेऊन ये. लाल लाइट लागल्यावर लोकांना लई भारी वाटतंय. गिटार आण, वायर आणू नको."

"आन् मी?"

"तू आज जसा डोळे मिटून उभा राहिला होतास ना, तसंच उभं राहायचं. मी सगळ्या दुकानांत बघून आलो, भाऊ. वाजवायचं मशीन निघालंय. उभं राहायचं अजून न्हाई निघालं."