तपासनीस पातुरकर आणि आमचं खाकी मंडळ

नारायणराव पातुरकर दुधी भोपळ्याला कान लावत. नखाने टकटक करत, डोळे मिटत आणि भाजीवालीला सांगत, "माल नापास." तोफगोळ्यांच्या कारखान्यात ते तपासनीस होते. मी त्यांच्याच विभागात कारकून, शिवाय शेजारी. खोटी गोष्ट त्यांच्या हातून पास होत नसे. माझ्या लग्नातला मसालेभात त्यांनी भर पंगतीत, मोठ्याने नापास केला होता.

लढाई सुरू झाली. कारखान्यात दुहेरी पाळ्या लागल्या. जवानांच्या घरच्यांसाठी जबलपुरात सभा, हार, भाषणं चालू होती. त्याच दिवसांत मझौलीकडे दरोडेखोरांच्या गोळीने शंकर नावाचा पोलीस शिपाई गेला. त्याच्या घरी कुणी फिरकलं नाही. पातुरकर भडकले.

"काहून? तो का वरातीत मेला? चलो, मंडळ काढू."

मारल्या गेलेल्या पोलिसांच्या घरच्यांसाठी पातुरकर, मी आणि विभागातले आणखी दोघं असं मंडळ निघालं. देणगी घ्यायची नाही, अंगमेहनत द्यायची. रेशनची रांग, गळकं छप्पर, पेन्शनचे अर्ज. इथपर्यंत उत्तम होतं. पण शिस्तीसाठी गणवेश हवाच, असा त्यांनी हट्ट धरला. कमानिया गेटजवळच्या शिंप्याने आम्हां चौघांना खाकी कपडे शिवले. माझ्या विजारीचं बटण लागेना.

"पोट नापास," पातुरकर म्हणाले.

रविवारी सकाळी आम्ही ओळीने शंकरच्या गल्लीत शिरलो. धाड पडली समजून लोकांनी पटापट दारं लावून घेतली. शंकरची बायको पाण्याला गेली होती. ओट्यावर त्याची आई बसली होती, डोळ्यांनी अधू. तिला नुसता खाकी रंग दिसला आणि ती धडपडत उठली.

"आला काय रे शंकर?"

मला वाटलं, हो म्हणून टाकावं. पातुरकर तिच्या पायांशी बसले.

"नाही माय. मी शंकर नाही. चूक माही झाली. हे कपडे पुन्हा नाही घालणार."

ती खूप रडली. त्यांनी तिचा हात सोडला नाही. या माणसाची मी वर्षानुवर्षं टिंगल केली, त्याची तेव्हा लाज वाटली.

"मंग तू कोण?" तिने विचारलं.

"छप्पर शाकारून द्यायला आलो. दर रविवारी येत जाऊ का?"

"तुह्या घरी कोण हाये?"

पातुरकरांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं.

"कोणी नाही."

"मंग जेवून जात जा."

पातुरकरांनी नुसती मान हलवली. पण तिला ते दिसणार नव्हतं, म्हणून मीच म्हणालो, "येतील, माय."