डोर्लीकरांची न बोलणारी बाई

आमचे शेजारी डोर्लीकर भाऊजी चित्रांची पुस्तकं काढतात आणि प्रत्येक पुस्तकावर ठळक अक्षरांत लिहितात, 'फक्त मोठ्यांसाठी'. आत पाहावं तर एक म्हातारा नळाखाली बादली लावून बसलेला. पुढच्या चित्रात तोच म्हातारा, तीच बादली. आणखी बरीच पानं तेच. शेवटी नळाला एक थेंब येतो आणि पुस्तक संपतं.

मी विचारलं, "भाऊजी, यात मोठ्यांसाठी काय आहे?"

"वाट पाहणं आहे वहिनी. पोट्ट्यांना वाट पाहता येते काय?"

येत नाही हे खरं आहे. पण मोठ्यांनाही ते पैसे देऊन पाहायची हौस नसते, हे भाऊजींना कोण सांगणार? मीच सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी भेंडी निवडणाऱ्या माणसाचं पुस्तक काढायला घेतलं.

रायपूरच्या पुरानी बस्तीत आमची घरं भिंतीला भिंत लावून आहेत. भाऊजी नकाशांच्या सरकारी ऑफिसात होते. पट्टी, पेन्सिल आणि बारीक निबेचा टाक, हेच त्यांचं आयुष्य. छत्तीसगड वेगळं झालं, रायपूर राजधानी झालं, तेव्हा लोक फटाके फोडत होते आणि भाऊजींच्या टेबलावर नकाशांचे गठ्ठे येऊन पडत होते. सगळं नव्याने आखायचं होतं. ऑफिसात पुरेना म्हणून घरी आणायचे. पुढच्या खोलीत जमिनीवर कागद पसरलेले असायचे. त्यांची बायको सिंधू भिंतीच्या कडेकडेने चालायची, कागदावर पाय पडू नये म्हणून.

भाऊजी रिटायर झाले आणि त्याच साली सिंधू गेली. माणूस हातात पट्टी धरून रिकाम्या घरात बसला.

हे चित्रांचं वेड त्यांच्या मुलीने लावलं. ती बंगलोरला असते. बापाचा वेळ जावा म्हणून तिने टपालाने काही पुस्तकं पाठवली. कॉमिक्सच, पण त्यात राक्षस नाही, मारामारी नाही, उडणारा माणूस नाही. एकात एक बाई आजारी आईची उशी बदलते. एकात दोन भाऊ बापाचं घर विकायला काढतात आणि कपाटं रिकामी करत बसतात. भाऊजींना इंग्रजी बेताचंच येतं, पण चित्रं वाचता येतात. मुलीने सांगितलं की मोठ्या शहरांत पोरंपोरी असली पुस्तकं आपली आपणच काढतात, झेरॉक्स करतात, पिना मारतात आणि हातोहात विकतात. कोणाला विचारायचं नाही, कोणाची परवानगी नाही. जन्मभर साहेबाच्या सहीसाठी थांबलेल्या माणसाला हे ऐकून काय झालं असेल! सदर बाजारातून त्यांनी कागदांचं रीम आणलं आणि पिना मारायचं मोठं यंत्र आणलं. त्या यंत्राचा खटका आमच्या स्वयंपाकघरात ऐकू यायचा.

एका संध्याकाळी भाऊजी तेलीबांध्याच्या तलावाकाठी चादर अंथरून पुस्तकं घेऊन बसले. मी सोबत होते, कारण त्यांना एकटं सोडलं तर ते कोणालाही हाक मारत नाहीत. 'फक्त मोठ्यांसाठी' वाचून कॉलेजातली पोरं थबकली. इकडेतिकडे पाहत, एकमेकांना कोपर मारत त्यांनी पुस्तक घेतलं आणि झाडामागे गेली. थोड्याच वेळात परत आली.

"अंकल, इसमें तो कुछ है ही नहीं!"

"है. धीरे धीरे देखो."

"बाल्टी है, अंकल. सिर्फ बाल्टी है."

"काहून घाई करता? चित्र कुठं पळून चाललं?" भाऊजी म्हणाले. हे त्यांचं नेहमीचं वाक्य. पोरांना मराठी कळलं नाही. त्यांनी पुस्तक चादरीवर ठेवलं आणि ती भेळ खायला गेली.

ही बातमी आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, पोहोचली. समोरच्या मिश्राबाई डोक्यावरचा पदर ओढत माझ्याकडे आल्या. "दीदी, आपके ये भाईसाहब तालाब पर गंदी किताब बेच रहे हैं. इस उमर में!" मी नळाचं पुस्तक त्यांच्या हातात दिलं. त्या उभ्याने वाचू लागल्या, मग खाली बसल्या. शेवटचं पान झाल्यावर म्हणाल्या, "फिर? पानी पूरा आया कि नहीं?"

मी हे भाऊजींना सांगितलं. आठवडाभर त्यांची चाल बदलली होती.

नवं पुस्तक झालं की ते आधी माझ्याकडे आणतात. मी चौथी शिकलेली, अक्षर लावून लावून वाचते, चित्रावर बोट ठेवते. भाऊजी समोर बसून माझं तोंड पाहतात. पान लवकर उलटलं तर त्यांचा जीव खालीवर होतो. "तुमच्यासारखं हळू कोणी वाचत नाही, वहिनी," असं त्यांनी एकदा म्हटलं. ही तारीफ होती की काय, ते मी विचारलं नाही.

अशीच एकदा वाचताना मला एक गोष्ट खटकली. त्यांच्या प्रत्येक पुस्तकात एक बाई असते. चुलीशी, मोरीशी, दारात. तिची पाठ, तिचा अंबाडा, तिचे हात अगदी सिंधूचे. बाकी सगळ्यांच्या तोंडाशी बोलण्याचे फुगे आणि त्यात अक्षरं. म्हातारा बोलतो, दूधवाला बोलतो, भाजीवाली तर "हव बाबूजी, हव" म्हणत पान भरून टाकते. या बाईच्या तोंडाशी फुगा असतो, पण कोरा.

"भाऊजी, ही बाई मुकी आहे काय?"

ते उठून उभे राहिले, पुन्हा बसले.

"तिच्यावर मोठं पुस्तक काढून राहिलो मी," ते म्हणाले. "सिंधूवर. चित्रं सगळी झाली. पण तिच्या तोंडी काय घालू? ती काय बोलायची ते मले आठवत नाही."

"काहीच नाही?"

"जेवायले चला. दिवे गेले. गॅस संपला." बोटांवर मोजून ते थांबले. "इतके वर्षं बोललीच असेल ना जी काहीतरी."

मग खिशातून घडी केलेला कागद काढून त्यांनी मला वाचायला दिला. आठवेना म्हणून मनानेच लिहून पाहिलं होतं. पहिलंच वाक्य होतं, "अहो, भोजन तयार आहे, आपण हातपाय धुऊन यावे."

मी म्हटलं, "सिंधू असं बोलली असती तर मी तिला डॉक्टरकडे नेलं असतं."

"पुस्तकात शुद्ध पाहिजे ना वहिनी. शाळेत तसंच शिकवलं."

"मग शाळेतल्या मास्तरांवर पुस्तक काढा."

ते हसले नाहीत. म्हणाले, "तुमच्याशी बोलायची काय ती?"

आता याला काय सांगावं! सिंधू माझ्याशी इतकं बोलायची की माझं डोकं दुखायचं. थंडीत आम्ही दोघी त्यांच्या गच्चीवर कोहळ्याच्या वड्या घालायचो, इथे त्यांना रखिया बड़ी म्हणतात. डाळ वाटायची, कोहळा किसायचा, धोतरावर उन्हात वड्या टाकायच्या. तासन् तास लागतात, आणि तेवढा वेळ सिंधूचं तोंड चालू. सगळ्या पाऱ्याच्या नकला करायची. मिश्राबाईंचं पदर ओढणं करून दाखवताना तिचे पिठाचे हात कपाळाला लागायचे. आणि सगळ्यात जास्त नकला नवऱ्याच्या.

"माझ्या?" भाऊजींनी विचारलं.

"तुमच्याच. 'आमचे हे ताटात भात आणि भाजीची सरहद्द आखतात हो बाई. भाजी पलीकडे गेली की दोन राज्यांत भांडण.' असं म्हणायची. तुम्ही कागद शोधताना चष्मा कपाळावर ठेवून चष्माच शोधता, तेही करून दाखवायची. मला हसून ठसका लागायचा."

"ती गमती होती?" ते म्हणाले. चाळीस वर्षं शेजारी राहिलेल्या बाईबद्दल मी असं विचारलं असतं तर मला कोणी माफ केलं नसतं. इथे तर नवराच विचारत होता.

मी सांगत गेले, ते बारीक अक्षरात लिहून घेत गेले. एक गोष्ट सांगावी की नाही असा प्रश्न पडला. पण अर्धं सांगणं मला जमत नाही. शहराबाहेर वसणाऱ्या नवीन राजधानीकडे जाणाऱ्या रुंद रस्त्यांचे नकाशे भाऊजी रंगवत होते, तेव्हाची गोष्ट. सिंधू वडी टाकता टाकता म्हणाली होती, "ह्यांनी म्हणे एवढ्ढा रुंद रस्ता काढला. मले तर सदर बाजाराच्या पुढे नेत नाहीत. एकदा नेऊन दाखवा म्हणाव, मी मधोमध चालून पाहीन." म्हणाली हसतच. पण पुन्हापुन्हा म्हणाली.

भाऊजींची पेन्सिल थांबली.

"मले कधीच म्हणाली नाही."

"तुम्ही कागदावरून मान वर केली असती तर म्हणाली असती."

कडू होतं, पण होतं तसं सांगितलं. ते उठले आणि चपला न घालताच घरी गेले. चपला मी संध्याकाळी भिंतीवरून पलीकडे टाकल्या.

बरेच दिवस पिनांच्या यंत्राचा आवाज आला नाही. मुलीचा मला फोन आला, "काकी, बाबा फोन क्यों नहीं उठा रहे?" मी म्हटलं, "उचलतील. चित्र काढून राहिले." खिडकीतून दिसत होतं म्हणून सांगितलं. नुसती समजूत घातली नाही.

दिवाळीनंतर ते आले. पिना न मारलेली सुटी पानं होती. माझ्या ओट्यावर त्यांनी ती ओळीने मांडली आणि वाऱ्याने उडू नयेत म्हणून प्रत्येकावर बटाटा ठेवला.

सिंधू या वेळी समोर तोंड करून होती. गच्चीवर धोतर पसरलेलं, हात पिठाने माखलेले, तोंड उघडं. मीही होते, जरा जास्तच जाडी काढली होती. फुगे इतके भरलेले की अक्षरं आभाळात गेली होती. सरहद्द, चष्मा, मिश्राबाई, रुंद रस्ता. भाऊजींनी एक शब्द शुद्ध केला नव्हता. मी बोट ठेवून वाचत गेले आणि शेवटच्या पानावर थांबले. तिथे गच्चीचा जिना होता. मधल्या पायरीवर काखेत नकाशांची गुंडाळी घेतलेला एक माणूस उभा होता. वर तोंड करून. त्याच्याजवळ फुगा नव्हता.

मी म्हटलं, "याला अर्ध्यावर काहून उभं केलं? वर येऊ द्या ना त्याला. बाईच्या जवळ बसू द्या."

भाऊजींनी बटाटा उचलून पान सरळ केलं आणि पुन्हा ठेवला.

"नाही वहिनी. जिन्यात मले हसणं ऐकू यायचं, आणि मी वर आलो की तुम्ही दोघी गप्प व्हायच्या. मले वाटायचं, काही चाललंच नव्हतं. आता त्याले इथंच उभं राहू द्या. तेवढं तरी ऐकेल."

खरं होतं. त्यांची चाहूल लागली की सिंधू पदर सारखा करायची, "आले," एवढंच म्हणायची, आणि मग आम्ही खाली मान घालून वड्या टाकत राहायचो.