भट्टीची परवानगी

सैमीने वर्गात छातीठोकपणे सांगून टाकलं, "विश्वकोशातला लेख सुधारायचा? दुपारच्या कॉफीआधी उरकते!"

रौहाबाईंनी फिनलंडमधल्या योएन्सू शहरातल्या आपल्या विद्यार्थ्यांना तसं कामच दिलं होतं. प्रत्येकाने ऑनलाइन विश्वकोशातला एक लेख निवडून सुधारायचा. महिनाअखेरीस बाई तो वाचणार. स्वतः घातलेली एक जरी ओळ खोटी निघाली, तर नापास! सैमीने आत्याचं गाव, हाऊकिला, निवडलं. तिथल्या प्रत्येक दगडाशी तिची ओळख होती. काहींवर ती लहानपणी आपटलीही होती.

नवशिक्यांना सरावासाठी वेगळं पान मिळतं. सैमीने लेख तिथे उतरवून घेतला आणि हात बसावा म्हणून मनाला येईल ते ठोकून दिलं: 'हाऊकिलाच्या सौनाघरात वाफ घ्यायला शिरण्यापूर्वी पाहुण्याने अंगणात एका पायावर उभे राहून भट्टीची परवानगी मागावी, अशी जुनी प्रथा आहे.' स्वतःशीच हसली, बटण दाबलं आणि कॉफीला गेली.

सरावाचं पान मात्र शेजारच्या खिडकीत होतं. जसंच्या तसं! ओळ गेली होती थेट खऱ्या लेखात.

हे तिला कळलं ते हेल्वी आत्याच्या फोनवरून. आत्या गावमंडळाची अध्यक्ष होती आणि शब्द असे वापरायची, जणू दुष्काळ पडलाय.

"आठवडा झाला, अंगणात जर्मन पाहुणे आहेत. एका पायावर."

"का?" सैमी ताडकन उठली.

"विचारलं नाही. बरं दिसत नाही."

"मग तुम्ही काय केलंत?"

"उभे राहिलो. त्यांना एकटं वाटायला नको."

सैमीने धावत जाऊन लेख उघडला. तोवर शेवाळ या टोपणनावाच्या जुन्या संपादकाने त्या ओळीपुढे 'आधार हवा' अशी खूण केली होती. पण घात आधीच झाला होता! स्थानिक साप्ताहिकाने फोटोसकट बातमी छापली होती: 'हाऊकिलाने जपली जुनी प्रथा'. मध्ये आत्या, बगळ्यासारखी. आणि कुण्या उत्साही वाचकाने तीच बातमी आधार म्हणून लेखाला जोडलीही होती!

सैमीने ओळ उडवली. शेवाळाने ती परत आणली.

"आधार असलेला मजकूर का काढलात?" लेखाच्या चर्चापानावर सभ्य प्रश्न आला.

"कारण ते खोटं आहे! मीच रचलंय!"

"याला पुरावा?"

"मीच पुरावा!"

"क्षमस्व. आपण कुठे प्रकाशित झालेल्या नाही."

सैमीने कपाळावर हात मारला. खरं सांगायला आधार लागतो, आणि खोट्याला तो घरपोच आला होता!

तेवढ्यात पुन्हा आत्या. "आणखी दोन बसगाड्या येतायत. पुढच्या महिन्यात बर्फ. माझा गुडघा दुखतोय."

"आत्या, ती प्रथा खोटी आहे! तसं सांगून टाक ना पाहुण्यांना!"

"मी? परक्या माणसांशी बोलू?" आत्या हादरली. "त्यापेक्षा पाय उचलते."

आता प्रश्न एकट्या परीक्षेचा उरला नव्हता. सबंध गाव पोरीच्या थट्टेपायी थंडीत लंगडणार होतं. सैमीने सगळी लाज गिळून चर्चापानावर लिहिलं: "लेखाचा इतिहास उघडा. माझी ओळ आधीची आहे, बातमी नंतरची. बातमीदाराला विचारा, त्याने कुठून घेतलं."

उत्तर आलं: "पाहतो."

आणि या माणसाने खरोखर पाहिलं! बातमीदाराला फोन करून त्याच्याकडून कबूल करून घेतलं की त्याने विश्वकोशच वाचला होता. मग खात्री असावी म्हणून ग्रंथालयात बसून त्या भागातल्या सौनाघरांवर छापलेलं सगळं चाळलं. पगार नाही, सत्कार नाही, खरं नावसुद्धा कुणाला ठाऊक नाही, आणि एका ओळीसाठी एवढा खटाटोप! कबुली देणाऱ्या पोरीला एक शब्द लागेलसं बोलला नाही. 'मजकूर निराधार. काढला,' एवढंच. सैमीला वाटलं, उठून या शेवाळाला साष्टांग नमस्कार घालावा.

पण एवढं चाळल्यावर शेवाळ थांबेल कसं? चर्चच्या बांधणीचं साल? आधार नाही, काढलं. तळ्यातला बोटीएवढा मासा? काढला. गावाच्या नावामागची दंतकथा, नाचाचा मांडव, प्रसिद्ध माशाची पोळी... आत्याने हयातभर खाल्लेली पोळीसुद्धा गेली! महिनाअखेरीस लेखात एकच वाक्य उरलं: 'हाऊकिला हे फिनलंडमधलं एक गाव आहे.'

सैमी मान खाली घालून रौहाबाईंसमोर उभी राहिली.

बाईंनी लेख वाचला. वेळ लागला नाही. मग इतिहास वाचला. त्याला बराच लागला.

"पास," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं शिकवतेय. ज्यातला शब्दन् शब्द खरा आहे, असा लेख पहिल्यांदा पाहिला."

सैमी तरंगत गावी गेली. आत्या सौनाघराच्या पायरीवर दोन्ही पाय पसरून बसली होती. सैमीने फोन पुढे केला. आत्याने चष्मा चढवून ते वाक्य वाचलं, पुन्हा वाचलं, तळ्याकडे पाहून विचार केला.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "जरा लांबलंय."