न केलेला प्रयोग

समोरच्या शैलाताईंकडे पाणी प्यायचं म्हणजे परीक्षा. तांब्याच्या भांड्यातलं पाणी गोड लागतं, असं मी एकदा म्हणाले. त्यांनी लगेच मला भिंतीकडे तोंड करून बसवलं, चार सारखे पेले भरले आणि कुठलं तांब्यातलं, कुठलं स्टीलमधलं ते ओळखायला लावलं. मी दोनदा चुकले.

"पण दोनदा बरोबर आलं ना!"

"तेवढं नाणं उडवूनही येतं," त्या म्हणाल्या.

तुर्भ्याच्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये त्यांची सगळी नोकरी झाली. लग्न केलं नाही. निवृत्त होऊन आमच्या उलव्याच्या सोसायटीत आल्या. ग्रुपवर कुणी रामबाण उपाय टाकला की खाली त्यांचा प्रश्न हजर: "कशावरून?" लोक वैतागले. त्या लिफ्टमध्ये शिरल्या की गप्पा थांबायच्या.

मागच्या वर्षी बाबांना कंपवात झाला. शैलाताई चौकशीला म्हणून आल्या आणि मग रोज संध्याकाळी त्यांच्याशी रमी खेळायला येऊ लागल्या. बाबांचा हात थरथरला की पानं उघडी पडत. त्या प्रामाणिकपणे खिडकीबाहेर बघत.

डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्याच, त्यात आत्याने कुठलंसं चूर्ण आणून दिलं. हळूहळू बाबा आपल्या हाताने जेवू लागले. मी आनंदाने शैलाताईंना सांगितलं.

"बरे दिसताहेत, हे खरं. चूर्णामुळेच का, ते मला माहीत नाही. आधी डॉक्टरांना दाखव."

डॉक्टरांनी चूर्ण बंद करायला लावलं. आत्या रुसली. बाबा पुन्हा खचतील, याचं मला टेन्शन. पण ते खचले नाहीत.

"म्हणजे गोळ्यांचाच गुण," एका संध्याकाळी मी डाव चालू असताना म्हटलं.

"असेल. आजार मधेच थोडा उतरतो, तसंही असेल." त्या अडखळल्या. "संध्याकाळी कुणीतरी येतं, म्हणूनही असेल."

"मग कळणार कसं?"

"सोपं आहे. मी महिनाभर यायचं नाही. फरक पडतो का, बघायचं."

बाबांनी पानं खाली ठेवली.

शैलाताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग पदराने उगाच चष्मा पुसत राहिल्या.

"हे मला नाही तपासायचं," त्या हळूच म्हणाल्या. "एवढं एक नाही कळलं तरी चालेल."

"उद्या जरा लवकर या," बाबा म्हणाले.